दिवाणखान्याची चौथी बाजू

१

संध्याकाळी कुकर उतरला, की पेडणेकरांच्या घरात टीव्ही लागायचा आणि शालनचं धावतं वर्णन सुरू व्हायचं.

"मोठ्या बाईसाहेब जिना उतरतायत. जांभळं लुगडं नेसल्यात. आता मधल्या पायरीवर थांबल्या. काहीतरी बोलणार."

श्यामसुंदर खुर्ची पुढे ओढून, मान जराशी तिरकी करून पडद्याकडे बघत बसायचे. काचबिंदूने त्यांची नजर कडेकडेने खात आणली होती. मधोमध एक वाटोळं भोक तेवढं उरलं होतं, नळीतून बघावं तसं. त्या भोकात कधी बाईसाहेबांची नथ यायची, कधी झुंबराचा एखादा लोलक. बाकीचं शालन सांगेल ते.

मालिका जुन्या काळातली होती, मिठागरांच्या मालकांच्या घराण्याची. शालनने सगळी नोकरी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवण्यात घालवली होती. त्या कथानकातल्या एकेका योगायोगाला ती कपाळावर हात मारून घ्यायची. पण बंगला खरा होता. उलव्याच्या पुढे, खाडीकाठच्या उंचवट्यावर तो उभा होता आणि त्यातल्या दिवाणखान्यावर नवराबायको दोघांचाही जीव जडला होता.

मग सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी बातमी टाकली. नवीन विमानतळ सुरू झाल्यापासून शूटिंगला आवाजाचा फार त्रास होतो, म्हणून मालिका तो बंगला सोडतेय. सोडण्यापूर्वी काही शनिवार लोकांना आत जाऊन बघता येईल.

"जायचं?" श्यामसुंदरांनी विचारलं.

"ऊन किती आहे बाहेर. थंडी पडली की बघू."

"थंडीपर्यंत हे भोक राहील की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत, शालन."

ते हे हसतच म्हणाले. तिने मात्र तिथल्या तिथे फोन काढून नावं नोंदवली.

२

जुईनगरहून टॅक्सीने निघाले तेव्हा दुपार कलायला लागली होती. पूल ओलांडला, टॉवर मागे पडले, दोन्ही बाजूंना तिवरांची झाडी लागली आणि एका वळणावर अचानक तो समोर आला.

शालनला वाटलं होतं, टीव्हीवर दिसतं ते प्रत्यक्षात लहानच निघतं. हे उलटं होतं. पांढरे गोल खांब मान मागे टाकून बघावे लागत होते. व्हरांड्याच्या कमानी एकीमागून एक अशा आत आत जात होत्या. कुठे पोपडा नाही, कुठे पिंपळाचं रोप नाही. बंगल्याच्या मूळ मालकांच्या घराण्यातले सगळे परदेशात असले तरी घर मात्र, आत्ताच कोणी पाहुणे येणार आहेत, अशा तयारीत उभं होतं.

"डावीकडे बघा. नाही, अजून वर. ते खांबावरचं नक्षीकाम," शालन त्यांच्या कोपराला धरून त्यांना वळवत होती.

"दिसलं," ते म्हणाले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. "बाप रे."

प्रॉडक्शनची लोकेशन मॅनेजर रंजिता पायऱ्यांवर आली. चाळिशीची, ऐरोलीची, गळ्यात ओळखपत्र आणि तोंडात भराभर मराठी. "या काका, सावकाश. काकू, चपला इथेच. आतली फरशी ओरिजिनल आहे, डाग पडला तर माझी नोकरी जाईल."

तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. इतक्या खालून, की चाकं मोजता आली असती. जमलेल्या दहाबारा जणांनी कानांवर हात ठेवले. एका बाळाने भोकाड पसरलं.

"बघा," रंजिता आवाज थांबल्यावर म्हणाली. "यात डायलॉग कसे घेणार?"

३

दिवाणखान्यात पाऊल टाकल्याबरोबर सगळे एकदम गप्प झाले. देवळात गेल्यावर माणसं आवाज खाली आणतात ना, तसे.

तीन बाजू ओळखीच्या होत्या. समोर तो जिना, दोन्हीकडून येऊन मधे मिळणारा. उजवीकडे रंगीत काचांच्या उंच खिडक्या. डावीकडे माणसाएवढे आरसे, आणि वर झुंबर. दुपारचं ऊन काचांतून आत येऊन फरशीवर लाल-निळं सांडलं होतं. शालनने तो दिवाणखाना रोज पाहिला होता, तरी तिच्या अंगावर काटा आला. कौतुकाचाच होता तो, असं तिने स्वतःला सांगितलं.

मग ती मागे वळली. टीव्हीवर जी बाजू कधीच दिसत नाही, ती चौथी.

तिथे जमिनीपासून छतापर्यंत काळा पडदा होता.

"इकडे कॅमेरा असतो," रंजिता म्हणाली. "मागे काही नाही, काकू. जुन्या काळी गाणंबजावणं व्हायचं तेव्हा माणसं बसायची, तेवढीच अरुंद ओसरी आहे. आम्ही लाइटचे स्टँड ठेवतो."

शालनने पडद्याची कड उचलून पाहिलं. चार पावलांची जागा. दोन स्टँड, वायरचं भेंडोळं, आणि लगेच चुन्याची गुळगुळीत भिंत. तिने पडदा सोडला.

वळताना तिची नजर खिडकीवर गेली. लाल काचेतून एक प्रचंड सावली सरकत होती. विमान. पोट, पंख, उघडी चाकं, सगळं खिडकीच्या चौकटीतून संथपणे गेलं आणि आवाज आलाच नाही. झुंबराचा एक लोलकही हलला नाही. टीव्हीचा आवाज बंद करून ठेवावा, तसं ते पलीकडे निघून गेलं.

भिंती जाड आहेत, शालन मनात म्हणाली. चुन्यातलं बांधकाम, दोन-अडीच फुटांचं. आवाज अडतो.

पण अर्ध्याच क्षणात तिच्यातली मास्तरीण जागी झाली. आवाज आत येतच नसेल, तर हे लोक बंगला सोडून का चाललेत?

४

बाकीची मंडळी मागच्या अंगणात निघाली. तिथे चहा होता, आणि पगडी-शालू घालून फोटो काढून मिळत होते. श्यामसुंदर म्हणाले, "मी इथेच बसतो. माझं एकेक तुकडा जोडून बघणं चाललंय." रंजिताने त्यांना जिन्याजवळ एक साधी खुर्ची दिली.

शालनने तिला दारापाशी गाठलं. "आत विमान ऐकू येत नाही."

रंजिता थबकली. तिने मागे कोणी नाही ना, ते पाहिलं.

"तुमच्या लक्षात आलं होय. कोणाच्या येत नाही." तिचा भराभर बोलण्याचा वेग उतरला. "विमानाचं सांगायला बरं पडतं, काकू. आवाजाचाच त्रास आहे, खोटं नाही ते. पण तो विमानाचा नाही."

"मग?"

"टेक संपला, डायरेक्टर कट म्हणाले, की रेकॉर्डिंगमध्ये एक आवाज येतो. पुष्कळ माणसांनी धरून ठेवलेला श्वास सोडावा तसा. आधी वाटलं, युनिटचाच असेल. म्हणून एकदा सगळ्यांना बाहेर काढून नुसत्या दोघांचा सीन घेतला. तरी आला. उलट जास्तच. आमचे साउंडवाले दादा हेडफोन काढून घरी गेले, ते आलेच नाहीत परत." ती ओशाळं हसली. "आणि सीन फालतू झाला ना, तर काहीच येत नाही. चांगला झाला तरच. आमच्या मोठ्या बाईसाहेबांना तर नादच लागला होता त्याचा. घरी जायला तयार नसायच्या. आता बऱ्या आहेत. चहा घ्यायला या हां, काकांना घेऊन."

ती गेली. शालन दिवाणखान्यात परतली, मधोमध उभी राहिली आणि तिने एकदा टाळी वाजवली.

जिन्याकडून आवाज परत आला. आरशांकडून आला. पडद्याकडून आला नाही.

चार पावलांवर भिंत होती, तिने स्वतः पाहिली होती. पडदा पातळ होता. तो थोडासा आवाज खाईल, सगळा नाही. रिकाम्या सभागृहात आवाज घुमतो आणि भरलेल्या सभागृहात घुमत नाही, कारण माणसांचे कपडे आणि अंगं तो पिऊन टाकतात. हे तिने वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं होतं. तिने पुन्हा टाळी वाजवली. आवाज पडद्याकडे गेला, आणि जातच राहिला.

"शालन," खुर्चीतून श्यामसुंदर हळूच म्हणाले, "टाळ्या वाजवू नकोस. बरं दिसत नाही."

"का? कोण आहे इथे?"

त्यांचा चेहरा पडद्याकडे होता. मान तिरकी नव्हती, सरळ होती.

"हाउसफुल आहे," ते म्हणाले.

५

श्यामसुंदर बँकेत होते तेव्हा त्यांच्या नाटकमंडळाचे मुख्य नट तेच होते. दर वर्षी स्पर्धा असायची. त्यांचं सगळ्यांत गाजलेलं काम एका दीपगृहाच्या रखवालदाराचं. नाटक बँकेतल्याच एका मित्राने लिहिलेलं, ते कधी छापलंही गेलं नाही. वादळाच्या रात्री दिवा सोडून जायला तयार नसलेला हट्टी रखवालदार, आणि फुटलेल्या जहाजावरून पोहत आलेला एक परका माणूस, अशी दोनच पात्रं. परक्याचं काम करणारे साठे वारून बरीच वर्षं झाली होती. नजर गेल्यापासून श्यामसुंदरांनी रंगमंचावर पाय ठेवला नव्हता, आणि त्याबद्दल ते एक अक्षरही बोलत नसत.

आता ते खुर्चीतून उठले. काठी तिथेच राहिली.

"अहो, पडाल."

ते पडले नाहीत. गालिच्याची दुमडलेली कड ओलांडून, तिवईला वळसा घालून ते फरशीवरच्या लाल उजेडात जाऊन उभे राहिले. घरी मोरीचा उंबरठाही ज्यांना चाचपून ओलांडावा लागत होता, ते श्यामसुंदर.

"कोण आहे तिकडे?" त्यांनी आरोळी दिली. "दिव्याच्या उजेडात ये. तोंड दाखव."

नाटकातलं पहिलं वाक्य. किती वर्षांनी तो आवाज असा छाती भरून निघाला होता. ती जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहिली. करू दे, तिला वाटलं. माणसाला मन मोकळं करू दे. नजर अधू झाली की मेंदू रिकाम्या जागेत चित्रं भरतो, हे डॉक्टरांनी बजावलंच होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं.

ते बोलत होते आणि मधेमधे थांबत होते. साठ्यांच्या वाक्यांपुरते. आधी थांबणं नेमकं होतं, पाठ असल्यासारखं. मग एका जागी ते थांबले, ऐकत राहिले, आणि खळखळून हसले. त्या जागी हसू नव्हतं. नाटकात तिथे काहीच विनोदी नव्हतं. दुसऱ्या बाजूने कोणीतरी नवीन उत्तर दिलं होतं.

दिवाणखाना ऐकत होता. खिडकीबाहेर आणखी एक विमान मुकाट्याने सरकून गेलं. शालनला हळूहळू कळलं, की शांतता मघाची राहिली नव्हती. ती दाटली होती. परीक्षेच्या हॉलमध्ये, पेपर वाटायच्या आधीच्या क्षणी असते तशी.

शेवटचा प्रवेश आला. रखवालदार खिडकीशी उभा राहून समुद्राला शिव्या देतो आणि मग गप्प होतो. श्यामसुंदर गप्प झाले. वाट बघत राहिले.

कोणीच काही बोललं नाही, तेव्हा त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. आणि ते जे बोलू लागले, ते नाटकात नव्हतं.

६

शालनला नाटकातला शब्द न् शब्द पाठ होता. प्रॉम्प्टर तीच असायची. विंगेत अंधारात, हातात वही घेऊन, नाटकभर उभी. शेवटचं एक वाक्यही तिचंच होतं. पहाटे रखवालदाराची बायको बाहेरून हाक मारते, "अहो, उजाडलं. दिवा मालवा आणि घरी चला." ती कधी दिसत नाही. नुसता आवाज येतो. तो आला की रखवालदार दिवा मालवतो, निघून जातो आणि पडदा पडतो.

हाक आली नव्हती. म्हणून नाटक संपत नव्हतं.

श्यामसुंदर जे बोलत होते ते जुन्या वळणाचं, लांबच लांब, सुंदर मराठी होतं. असं मराठी त्यांना येत नव्हतं. चेहरा घामाने डवरला होता आणि त्यावर असा आनंद होता, की शालनला बघवेना. प्रत्येक वाक्यागणिक ते पडद्याकडे एक पाऊल सरकत होते. पडद्यापर्यंत जेवढी जागा होती तेवढी ते केव्हाच चालून गेले होते. तरी पडदा अजून पुढेच होता.

"अहो, उजाडलं," ती जिन्यापाशी उभी राहून म्हणाली.

आवाज तोंडातून निघाला आणि तिलाच ऐकू आला नाही. तिने ओरडून पाहिलं. कापसात बोलावं तसं झालं. विंगेतून आता काही होणार नव्हतं.

शालन आयुष्यात कधी रंगमंचावर गेली नव्हती. वर्गात फळ्यासमोर उभं राहणं वेगळं. तरी तिने ओढणी घट्ट धरली आणि ती लाल उजेडात चालत गेली. श्यामसुंदरांच्या पुढे गेली, पडद्याला सामोरी झाली, आणि तिने वर पाहिलं.

पडदा जागेवर होता की नव्हता, हे तिला पुढेही कधी नक्की सांगता आलं नाही. तिला समोर अंत नसलेली खोल जागा दिसत होती. पहिल्या रांगेतल्या पांढऱ्या पगड्या. अर्ध्यावर थबकलेला एक पंखा. त्यामागे रांगा, त्यांच्यामागे आणखी रांगा, वर चढत गेलेल्या. चुन्याची भिंत जिथे असायला हवी तिच्यापार, उंचवट्यापार, खाडी असायला हवी तिच्याही पार. लांबचे चेहरे चेहरे राहिले नव्हते. मिठागरात तिन्हीसांजेला मिठाचे ढीग दिसतात, तशी नुसती पांढुरकी ओळ. इतकी माणसं. आणि कोणाचीही पापणी लवत नव्हती.

भीती वाटायला हवी होती. पण तिच्या मनात आलं ते एवढंच, की हे केवढं मोठं आहे.

मग तिला दुसरी गोष्ट दिसली. ते सगळे, पहिल्या रांगेपासून त्या पांढुरक्या रेघेपर्यंत सगळे, तिच्याकडे बघत होते. श्यामसुंदरांकडे एकही नाही. जणू इतका वेळ त्यांनी रखवालदाराला बोलू दिलं होतं, ते विंगेतलं माणूस कधीतरी बाहेर येईल म्हणून.

तिच्याकडे असं कधी कोणी पाहिलं नव्हतं. थांबावं, असं तिला वाटलं. थोडंसंच. एखादं वाक्य जास्त बोलावं. ते आपोआप सुचेल, हेही तिला माहीत होतं. जिभेच्या टोकावर ते आलंच होतं.

शालनने मागे हात करून श्यामसुंदरांचं मनगट पकडलं. ते गार होतं.

"अहो," ती म्हणाली, स्वच्छ, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात. "उजाडलं. दिवा मालवा आणि घरी चला."

श्यामसुंदर बोलता बोलता थांबले. त्यांचा उजवा हात सवयीने वर गेला, हवेतला एक दिवा त्याने मालवला. मग ते वळले. ती त्यांना धरून बाजूने बाहेर घेऊन गेली, रंगमंचावरून जावं तसं, न धावता.

दाराशी पोचल्यावर मागून तो आला. श्वास. समुद्र एकदम मागे सरावा तसा. त्यात केवड्याचा वास होता आणि मिठाचा. तिचे मानेवरचे केस त्याने पुढे उडवले.

७

व्हरांड्यात पाय ठेवताच विमानाचा आवाज अंगावर कोसळला. अंगणातली हसणी-खिदळणी, कपबशा, रडणारं बाळ, सगळं एकदम.

रंजिता चहाचे दोन कप घेऊन आली. श्यामसुंदरांचा घामाने चिंब सदरा आणि शालनचा चेहरा तिने पाहिला, आणि काहीही न विचारता कप कठड्यावर ठेवून ती दोन पावलं मागे सरली.

"काकांची काठी आत राहिली असेल," ती म्हणाली.

"राहू दे," शालन म्हणाली.

श्यामसुंदर कठड्यावर बसले. त्यांना धाप लागली होती आणि ते लहान मुलासारखे हसत होते. "शालन, मला नळीतून काय दिसणार? पहिल्या रांगेत गुडघ्यावर ठेवलेला एक हात दिसला. अंगठी होती त्यात. तेवढंच. तू तर सगळं पाहिलंस. सांग ना. भरलं होतं?"

मेंदू रिकाम्या जागेत चित्रं भरतो, असं सांगता आलं असतं. ते वाक्य तिच्याजवळ तयारही होतं. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"भरलं होतं," ती म्हणाली. "मागे उभं राहायलाही जागा नव्हती."

त्यांनी डोळे मिटले. मग हलकेच, लाजल्यासारखं, त्यांनी विचारलं, "आणि बघत होते सगळे? माझ्याकडे?"

शालनने चहाचा कप त्यांच्या हातात नीट बसवला.

"तुमच्याकडेच," ती म्हणाली.

चहा संपल्यावर तिने त्यांना उठवलं. टॅक्सी फाटकापाशी उभी होती. बंगल्याकडे पाठ करण्याआधी शालनने ओढणी सारखी केली, विस्कटलेल्या केसांवरून हात फिरवला, आणि श्यामसुंदरांना धरून ती पायऱ्या उतरली, सावकाश, ताठ मानेने.